या भाद्रपदात कासला जायचे नाही

सोलापूर,
श्रावण, रात्रीचे साडेअकरा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी आपल्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे आणि आतून बाबांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेससाठी मी घराबाहेर पडेन, तेव्हा तुम्ही दोघे देवपूजा आणि चहाच्या गडबडीत असाल, म्हणून पत्र इन्हेलरच्या डब्याखाली ठेवून जाते, म्हणजे ते नक्की हाती लागेल. जे लिहिणार आहे ते खरे तर आज जेवताना सांगायचे ठरवून मी पुण्याहून आले होते. पण पहिला घास घेण्याआधीच बाबा कास पठारावरच्या तेरड्याच्या फुलांचा रंग सांगू लागले, आई धपाट्यांसाठी किती पीठ न्यावे याचा हिशेब मांडू लागली आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

भाद्रपदातली कासची सहल मी रद्द केली आहे. खोल्या सोडल्या आहेत आणि पठारावरच्या प्रवेशाची ऑनलाइन नोंदणीही केलेली नाही. त्याऐवजी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आपण पाच दिवस वाईजवळ, धोमच्या जलाशयाकाठी राहणार आहोत. दादाशी बोलणे झाले आहे, तो शेवटचे दोन दिवस येईल. तुम्हाला न विचारता हे सगळे केले, याचे मला फार वाईट वाटते. विचारले असते तर बाबा हसून "मला काय धाड भरली आहे" म्हणाले असते, आई माझ्याकडे पाहून गप्प बसली असती, आणि मी पुन्हा माघार घेतली असती. मागच्या डिसेंबरात मी हेच केले होते.

बाबा, तुम्हाला वाटते की त्या डिसेंबरात महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर मला काही कळले नाही. गाडी लावली तिथपासून काठापर्यंत तुम्ही तीनदा थांबलात आणि तीनही वेळा तळ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागलात. पहिल्यांदा बदके दाखवलीत, दुसऱ्यांदा पाण्यावरून उठणारी वाफ दाखवलीत. तिसऱ्यांदा हे तळे 1842 साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवून घेतले ही माहिती दिलीत, जी मला पाचवीपासून पाठ आहे. मी तिन्ही वेळा मान डोलावली, कारण तुमच्या ओठांचा रंग पाहून मी घाबरले होते आणि ते तुम्हाला दिसू द्यायचे नव्हते. त्या रात्री आई तुमच्या पाठीला तेल चोळत बसली होती, हेही मला माहीत आहे. भिंत पातळ होती.

आणि तरीही त्या तळ्याकाठच्या पहाटा माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर पहाटा आहेत. मी दुसरीत असताना तुम्ही मला चादरीत गुंडाळून, आईला न उठवता, अंधारातच काठावर नेले होते. गवत पांढरे झाले होते. आभाळ निरभ्र असले की थंड, जड हवा रात्रभर उतारावरून पाण्यासारखी वाहत येते आणि तळ्याच्या खोलगट जागेत साचते, म्हणून बाजारपेठेत नुसते दव पडते तेव्हा इथे ते गोठते, असे तुम्ही समजावले होते. मला त्यातले काही कळले नव्हते. तुम्ही स्टीलच्या वाटीत ते हिमकण गोळा करून दिलेत आणि आईला दाखवायला मी खोलीपर्यंत पळाले, तोवर वाटीत चमचाभर पाणी उरले होते. मी रडले, आणि आई, तू ते पाणी माझ्या डोळ्यांना लावून "आता हे तुझ्यातच राहिले" म्हणालीस.

सोलापूरच्या माणसाला इतके पाणी एका जागी पाहून काय होते, ते तिकडच्या लोकांना कळणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला साधारण 6000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्याकडे 550 च्या आसपास, तोही पडला तर. आपण चार-पाच दिवसांआड नळाला येणारे पाणी पिंपात साठवणारी माणसे, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत एसटीने म्हसवड, गोंदवले, दहिवडी मागे टाकत शेवटी पसरणीच्या घाटात शिरलो आणि खाली धोमचे पाणी चमकले, की बाबा खिडकीची काच पूर्ण सरकवून म्हणत, "बघा, पोट भरून बघा." पंचगंगेच्या मंदिरात कृष्णेच्या धारेखाली हात धरायला लावून तुम्ही सांगत असा, की हे पाणी आणि आपल्या भीमेचे पाणी पुढे कर्नाटकात एकत्र होते, तेव्हा आपण काही परक्या गावाला आलेलो नाही. ते ऐकून मला तो सगळा डोंगर आपल्या मालकीचा वाटत असे.

मे महिन्यातले महाबळेश्वर म्हणजे जांभळे, तुती आणि माणसांची झुंबड, एवढेच मला आठवते. त्यापेक्षा तापोळ्याची वारी मनात घट्ट बसली आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात खाली उतरलेले असे, काठाला लाल मातीचे पट्टे उघडे पडत, आणि नावाडी हाताने दाखवी की इथे शेते होती, तिथे घरे होती. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली काही कुटुंबे आपल्या जिल्ह्यात येऊन वसली, त्यातलेच एक काका बाबांच्या कारखान्यात मागावर होते. बाबांनी त्यांच्यासाठी संगमावरच्या दत्ताच्या देवळातला अंगारा पुडीत बांधून आणला होता, आणि ती पुडी घेऊन ते काका आपल्या ओट्यावर कितीतरी वेळ नुसते बसून राहिले होते. त्या दिवसापासून मी नावेतून पाण्यात हात घातला की आधी नमस्कार करते. माझी मुलेही करतात.

कासचे मात्र तुम्हा दोघांचे आहे, हे मला ठाऊक आहे. आम्ही दोघे शिकायला बाहेर पडल्यावर तुम्ही पहिल्यांदा एकट्याने गेलात ते तिथे. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचे नाव जागतिक वारशात लागून गर्दी वाढली, त्याच्या बरेच आधीची ही गोष्ट. आईने आणलेली ती वही अजून कपाटात आहे, तिच्यात बाबांच्या अक्षरात सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा अशी नावे आणि शेजारी आईने पेन्सिलीने काढलेली फुले आहेत. कातळावर जेमतेम बोटभर माती, तिच्यात पावसाचे पाणी तुंबते, मोठे झाड तिथे मूळ धरू शकत नाही, म्हणून ही एवढीशी फुले तिथे राज्य करतात, असे बाबांनी खाली लिहिले आहे. आज रात्री मी ती वही पुन्हा चाळली. म्हणूनच हे पत्र लिहायला इतका उशीर झाला.

पण बाबा, त्या फुलांना जे हवे तेच तुमच्या छातीला सोसत नाही. मी डॉक्टरांना विचारले की कास 1200 मीटरवर आहे, त्या उंचीचा त्रास होईल का. ते म्हणाले की उंचीची फारशी भीती नाही. भीती आहे ती गार, ओल्या वाऱ्याची, धुक्याची, भिजलेल्या कपड्यांची आणि त्या दिवसांतल्या सर्दी-तापाच्या साथीची, कारण बत्तीस वर्षे सुताची धूळ ओढलेल्या श्वासनलिका अशा हवेत लगेच आकसतात. पठारावर पायी चालावे लागते, कातळ शेवाळलेला असतो, आणि आईचा उजवा गुडघा तर जिन्यावरही तिला दगा देतो. दम लागला तर घाट उतरून सातारा गाठायचे, तेही सुट्टीच्या गर्दीत, या विचाराने मला गेले दोन आठवडे झोप नाही. डिसेंबरातली वेण्णेची पहाट त्याच कारणाने नको. पावसाळा तर नकोच, आणि मे महिन्यात इथून उन्हातला एवढा प्रवास तुम्हाला करू देणार नाही. सगळे ऋतू मी एकेक करून तपासले तेव्हा फेब्रुवारीचा शेवट उरला.

आता तिथे काय आहे ते ऐका, म्हणजे तुम्हाला काही उणे वाटणार नाही. खोल्या तळमजल्यावर आहेत, दारात एकही पायरी नाही, न्हाणीघरात धरायला दांडी आहे आणि संडास कमोडचा आहे, हे मी स्वतः जाऊन पाहिले. ओट्यावर खुर्ची टाकली की समोर पाणीच पाणी आहे. दिवसा छान ऊन असते, रात्री एक चादर पुरते. वाईत दवाखाने आहेत. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना मी आईची चव समजावून सांगितली आहे, त्या ज्वारीची भाकरी करतात आणि आमटीत गूळ घालत नाहीत. सकाळी ढोल्या गणपती, दुसऱ्या दिवशी धोमच्या देवळातला कासवाच्या पाठीवरचा नंदी, आणि मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा. घाटाच्या पायऱ्या मात्र वरूनच पाहायच्या. एक दिवस, दुपारच्या उन्हात, गाडीने वर जाऊन वेण्णेत नाव घेऊ. तेव्हा स्ट्रॉबेरीचे दिवस असतात, बांधावरून तोडून ताजी मिळेल. वाटेत गोंदवल्याला दुपारचा प्रसाद घेऊ आणि दर दोन तासांनी थांबू.

फुले तिथे नसतील. त्याची भरपाई म्हणून मी काही दाखवू शकत नाही आणि तसे खोटे सांगणारही नाही. पुढच्या वर्षी नक्की नेईन असे वचनही आज देत नाही, कारण ते तुमच्या फुप्फुसांवर आहे आणि ती तुम्ही किती सांभाळता यावर आहे.

म्हणून आता नीट वाचा. बाबा, इन्हेलर दोन्ही वेळा घ्यायचा, बरे वाटते म्हणून सोडायचा नाही, आणि ओढल्यावर चूळ भरायची. फ्लूची लस या पंधरवड्यात टोचून घ्यायची. मी शनिवारी फोन करून कोणत्या दंडाला टोचली ते विचारणार आहे. सिद्धेश्वर तलावावर रोज सकाळी अर्धा तास, सपाट वाटेने, ऊन पडल्यावर चालायचे. भजनी मंडळातल्या कोणाबरोबर गुपचूप एसटीने साताऱ्याला जायचा विचारही मनात आणायचा नाही. आई, तू गुडघ्याचे व्यायाम देवापुढे दिवा लावण्याइतके नेमाने कर. अख्खे स्वयंपाकघर बांधून घेऊ नकोस, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी एवढे पुरे. पाणी येण्याच्या दिवसाची काळजी तर मुळीच नको, शेजारच्या काकू किल्ली घेऊन पिंपे भरून ठेवणार आहेत, मी आज संध्याकाळी त्यांच्याशी बोलले.

थोडे कडक लिहिले गेले असेल तर मला क्षमा करा. मला अजून पुष्कळ वर्षे तुमच्या मधल्या सीटवर बसून घाट चढायचा आहे. बाबा, राग आला असेल तर आधी चहा घ्या आणि मग फोन करा. कुर्डुवाडीपर्यंत मी फोन हातातच धरून बसेन. आई, बाबा काही बोलले नाहीत तर तू त्यांच्याजवळ थोडा वेळ बस. मला माहीत आहे की तुलाही वाईट वाटेल आणि ते तू सांगणार नाहीस.

कपाटातली ती वही मी जागच्या जागी ठेवली आहे. तळ्यावरची निळी चादर मात्र बरोबर नेते आहे. तिची किनार उसवली आहे, ती शिवून फेब्रुवारीत गाडीत घेऊनच येईन.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, मफलर दारामागच्या खुंटीला आहे. श्रावण असला तरी पहाटेचा वारा गार आहे, फाटकापर्यंत दूध घ्यायला जातानाही गळ्याला गुंडाळा.