स्ट्रॉम्बोली चढण्याआधी

दादर, मुंबई
१४ मे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर इटलीतल्या स्ट्रॉम्बोली बेटावरच्या ज्वालामुखीची संध्याकाळची चढाई ठरवलीस, हे वाचलं. आजीला काय आणि किती सांगायचं ते आम्ही बघतो. तू हे पत्र सॅक भरताना एकदा आणि बोटीत एकदा वाच.

आधी उंचीचं. डोंगर ९२४ मीटरचा आहे, पण माथ्यावर जायचं नाही. ३ जुलै २०१९ ला तिथे मोठा स्फोट झाला, त्यात डोंगरावर फिरणारा एकजण दगावला. २८ ऑगस्टला तसाच दुसरा झाला. तेव्हापासून माथा बंद आहे. त्यानंतर ठरलेली रीत अशी, की २९० मीटरपर्यंत आपलं आपण जावं आणि तिथून पुढे ४०० मीटरपर्यंत अधिकृत गाईडबरोबरच. डोंगराचा नूर बदलला की ही हद्द खाली सरकते किंवा वाट बंदच होते. इशाऱ्याचे रंग चार आहेत: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. जुलै २०२४ मध्ये तो लालवर गेला होता. म्हणून आदल्या दिवशी गाईडच्या कचेरीत दोनच प्रश्न विचार: आज रंग कोणता आणि उद्या किती मीटरपर्यंत. विवराच्या काठावर पाय सोडून बसलेल्या लोकांचे फोटो तुला दिसतील, ते सगळे जुने. तसा फोटो दाखवून कोणी ‘वरपर्यंत नेतो’ म्हणालं, तर त्याच्याबरोबर चहा प्यायलाही थांबू नकोस.

आपल्याकडचा वाटाड्या वाट चुकू नये म्हणून घ्यायचा असतो. तिथे वाट एकच आणि स्पष्ट आहे, गाईड लागतो तो मागे फिरवायला. इटलीत ज्वालामुखीवरचे गाईड ही कायद्यानं मान्य केलेली वेगळी जात आहे, त्यांना परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. त्याच्या हातातला वॉकीटॉकी आणि त्याचं वाऱ्याकडे लक्ष, याचेच तू पैसे देतेस. पन्नास मीटर राहिले असताना तो ‘चला खाली’ म्हणाला, तर वाद न घालता वळायचं. तुमच्यातली एखादी हुज्जत घालणारी असेल, तर तिला हे आधीच सांगून ठेव.

आत चाललंय काय, ते समजून गेलीस तर बघायला मजा येईल. घट्ट पिठलं मंद आचेवर रटरटतं तेव्हा काय होतं आठव. पाण्यासारखं ते सलग उकळत नाही. बुडाशी वाफ साठते, मोठा बुडबुडा वर येतो, फुटतो आणि ओट्यावर शिंतोडे उडतात. मग जरा वेळ शांत. स्ट्रॉम्बोलीचा लाव्हा तसाच. सुमारे अकराशे अंशांच्या त्या रसात वायूचे बुडबुडे एकत्र येऊन नळीतून वर चढतात आणि तोंडाशी फुटतात. साधारण दहा-वीस मिनिटांनी एक स्फोट, हे शतकानुशतकं चालू आहे. म्हणून खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत आले. जगात कुठेही असा स्फोट झाला तरी भूशास्त्रात त्याला स्ट्रॉम्बोलियन म्हणतात. खडक मात्र आपल्या नात्यातला, बेसॉल्टच्या घराण्यातला. अंधेरीची गिल्बर्ट हिल आणि महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच काळ्या रसाचे, फक्त आपल्याकडे तो भेगांतून पुरासारखा पसरत गेला.

विवरं सुमारे साडेसातशे मीटरवर आहेत आणि तू असशील चारशेवर. म्हणजे तू विवरात डोकावणार नाहीस, मान वर करून बघशील. आधी काळ्या धारेमागे आभाळ लाल होतं, मग ठिणग्यांचं कारंजं उडतं आणि त्यातले मोठे दगड श्यारा देल फ्वोको नावाच्या उतारावरून गडगडत समुद्रापर्यंत जातात. ही डोंगराच्या वायव्य कुशीतली प्रचंड घसरण आहे. उजेड आधी दिसतो, आवाज मागून येतो. मधले सेकंद मोज आणि ३४० नं गुण, तेवढे मीटर तू लांब आहेस. हा हिशोब मैत्रिणींनाही शिकव, भीती निम्मी होते.

आता बूट. सगळ्यांत जास्त माणसं इथेच चुकतात. घोटा झाकणारे, खोल नक्षीच्या तळाचे आणि निदान पन्नास किलोमीटर चालून मुरलेले बूट हवेत. पळायचे मऊ बूट चालत नाहीत, पुष्कळदा गाईडच परत पाठवतात. कारण पायाखाली तिथे माती नसते. काळी राख आणि भाजलेल्या मुरमासारखे सच्छिद्र खडे असतात. कडक खडकावर असे खडे पसरले की ते छऱ्यांसारखे फिरतात. राजगडावरचा घसारा तुला ठाऊक आहे. तो निदान पावसानं धुऊन बसलेला असतो, हा रोज ताजा पडतो. शिवाय कडा काचेसारख्या, हात टेकला की तळवा सोलतो. म्हणून पातळ हातमोजे आणि पूर्ण लांबीची पँट. दोन दिवस आधी पायाची नखं कापून टाक. नाहीतर उतरताना अंगठे बुटाच्या टोकावर आपटतात आणि आठवड्यात नख काळं पडतं. बूट नसतील तर गावात भाड्यानं मिळतात. पण दुपारीच घालून बघ, सहा वाजता तुझ्या मापाचे उरतीलच असं नाही.

सॅकमध्ये दोन लिटर पाणी. निघताना अर्धा लिटर पोटात, तो वेगळा. वाटेत झरा नाही, टपरी नाही, आणि जूनमध्ये पहिला तासभर ऊन अंगावर. खायला राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की, जे कोरड्या तोंडानं खाता येईल ते. एक कोरडा टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. वर पोचल्या पोचल्या बोलत न बसता आधी तो बदल. चारशे मीटरवर हवा दोन-तीन अंशच गार असते, थंडी वाजते ती घामानं भिजून वाऱ्यात बसल्यामुळे. वारा अडवणारं पातळ जाकीट पुरे. हेल्मेट गाईड देतात. लेन्स लावू नकोस, चष्माच घाल. राखेचा कण लेन्सखाली गेला तर बुबुळाला ओरखडा पडतो. धुळीसाठी मास्क ने, पण तो वायू अडवत नाही एवढं लक्षात ठेव. गंधकाचा झणका नाकात आला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाजूला सरकायचं. ज्या मैत्रिणीला दम्याचा त्रास आहे असं लिहिलंस, तिनं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं आणि आलीच तर पंप सॅकच्या तळाशी न ठेवता छातीवरच्या खिशात ठेवावा. तिला नाही जमलं तर संध्याकाळच्या होड्या श्यारासमोर जाऊन थांबतात. तिथूनही स्फोट चांगले दिसतात, तो काही कमी मान नाही.

वेळेचं गणित असं. जूनच्या त्या दिवसांत तिथे सूर्य साधारण आठ पंचवीसला मावळतो. म्हणजे पाच-सहाच्या सुमारास निघणं होईल. गाईड मुद्दाम हळू चालवेल, तुला चिडायला होईल. त्याच्या मागोमाग, समोरच्याच्या पावलावर पाऊल टाकत जा. चढताना बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा. आपल्याकडे सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो, तिथे संधिप्रकाश अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळतो. खरी गंमत त्याच वेळात असते: धूर दिसतो आणि लालीही दिसायला लागते. सूर्यास्ताचा फोटो काढला आणि निघाले असं करणाऱ्यांना अर्धाच ज्वालामुखी दिसतो.

बघताना सगळ्यांनी दिवे बंद ठेवायचे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकानं टॉर्च मारला की सगळ्यांची मेहनत वाया जाते. हेडटॉर्चवर लाल दिवा असेल तर तोच वापर. फोन दगडाला टेकवून नाइट मोडवर ठेव, फ्लॅश बंद. कॅमेरा नेलास तर फोकस हातानं अनंतावर लाव, आठ-दहा सेकंदांचं एक्स्पोजर दे आणि स्फोटाची वाट न बघता एकामागून एक फोटो घेत राहा. दिसल्यावर बटण दाबलं की उशीर झालेला असतो. वर लेन्स बदलू नकोस.

आणि हेही ऐकून ठेव: काहीच न दिसण्याची शक्यता आहे. समुद्रावरची ओली हवा डोंगराला अडून ढग होते आणि नेमकी विवरांवर बसते. मग नुसता गडगडाट ऐकू येतो. हाताशी दोन रात्री ठेवल्यास तर चढाई पहिल्या दिवशी लाव, दुसरा दिवस शिल्लक राहतो.

दगड पडायला लागले तर काय करायचं, हे गाईड सांगेलच. तरी वाचून ठेव, कारण अंगातली पहिली ऊर्मी चुकीची असते. पाठ फिरवून पळायचं नाही. वर बघायचं, कुठला दगड आपल्याकडे येतोय ते हेरायचं आणि शेवटच्या क्षणी बाजूला व्हायचं. सॅक डोक्यावर धरायची. मारा थांबला की गाईड दाखवेल त्या आडोशाला जायचं. नेहमीचे स्फोट चारशे मीटरपर्यंत पोचत नाहीत, २०१९ सारखा मोठा झाला तर मात्र जळते तुकडे खाली झुडपांत पडून वणवा पेटतो. बेटावर भोंगे आहेत. इटलीची राष्ट्रीय ज्वालामुखी संस्था आणि फ्लोरेन्सचं विद्यापीठ डोंगरावर चोवीस तास लक्ष ठेवून असतात. किनाऱ्यावर असताना भोंगा झाला तर समुद्राकडे बघत न थांबता उंचावर जायचं. ३० डिसेंबर २००२ ला श्याराचा मोठा भाग समुद्रात कोसळला आणि त्सुनामीच्या लाटा गावात शिरल्या होत्या.

एवढं वाचून वाटेल की धोका वर आहे. आम्हाला काळजी उतरणीची आहे. मन भरलेलं, पाय थकलेले, अंधार आणि घसारा, मुरगळतात ते घोटे तेव्हाच. निघण्याआधी नाडी सोडून परत बांध. टाच मागे ठोकून बसव आणि घोट्यापाशी गाठ घट्ट कर, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. हेडटॉर्च दोनशे ल्युमेनचा, चार्ज केलेला, जादा सेलसकट. फोनचा टॉर्च चालणार नाही, हात मोकळे हवेत. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. भुसभुशीत राख खोल असेल तिथे टाच रोवत उतर. कडक खडकावर खडे असतील तिथे टाच नको, अख्खा तळवा सपाट टेकव. हे दोन्ही उलट केलंस तर बसकण ठरलेली. उजेड दोन पावलं पुढे टाक, पायावर नाही. पुढच्याशी दोन-तीन मीटरचं अंतर ठेव, तुझ्या पायाचा दगड सुटला तर लगेच मोठ्यानं ओरड. आणि डोंगराकडे बघायचं असेल तर आधी थांब, मग बघ. मागे पुन्हा भडका उडेलच, चालता चालता मान वळवायची नाही. गावात उतरल्यावरही टॉर्च काढू नकोस, गल्ल्यांतून रस्त्यावरचे दिवे जवळपास नाहीत.

त्या गल्ल्यांत सामान ने-आण करायला काय असतं माहीत आहे? आपे, पियाजिओची तीनचाकी. आपल्या बारामतीत त्याच कंपनीचा कारखाना आहे. आजीला सांगायला एवढं पुरेल.

व्हिसासाठी काढलेल्या विम्याचा कागद उघडून बघ. त्यात गिर्यारोहण किंवा साहसी खेळ वगळले असतील तर वेगळी जोड घ्यावी लागेल. त्याचा फोटो तुझ्या आणि एका मैत्रिणीच्या फोनमध्ये ठेव. तिथला तातडीचा क्रमांक ११२.

उतरलीस की वेळ बघू नकोस, ‘खाली आले’ एवढा मेसेज टाक. आपल्याकडे तेव्हा अडीच-तीन वाजले असतील, फोन उशाशीच असेल.

तुझी
आई

ता. क. परतीची बोट त्याच रात्रीची काढू नकोस. समुद्र खवळला की हायड्रोफॉइल, म्हणजे तिथल्या जलद बोटी, सुटतच नाहीत, म्हणून विमानाच्या आधीही एक मोकळा दिवस ठेव. बूट बाहेर वाळवून ब्रशनं झाड, मशीनमध्ये टाकू नकोस. चष्म्याची काच आधी पाण्याखाली धर, मगच पूस. राखेसकट पुसलीस तर चरे पडतील.