नळीतला गंज कोटिंगनं जात नसते

संपादक साहेब, नमस्कार.

धान पोटरीत आला की आमच्याकडे डुकरांची जागल सुरू होते, अन् पीक संरक्षणाच्या लायसनवाल्या रायफली तेव्हाच बाहेर निघतात. यंदा दोघा-तिघांनी येऊन एकच विचारलं, भाऊ नळीच्या आतून कोटिंग मारून मिळते का, कोणी म्हणे मारून देतो म्हणून सांगून राहिला आहे. मी १७ वर्ष फौजेत काढली म्हणून माझ्याकडे येतात, तं सगळ्यांसाठीच लिहून टाकतो.

नळीच्या आतलं खरं कोटिंग म्हणजे हार्ड क्रोम, क्रोमियम धातूचा कडक थर, अन् ते कारखान्यातच चढते. थर मिलीमीटरचा एक-दोन शतांश, पण तेवढ्यासाठी सुद्धा नळी आधीच तेवढी मोठी कोरून ठेवावी लागते, कारण गोळीला नळीत जागा मोजून दिलेली असते. तयार नळीत मागून काही फासलं की जागा कमी, प्रेशर जास्त, अन् थर सुटून मधात अडकला तर नळी फुगते नाहीतर फाटते, तोंड आपलंच असते तिथं. गंजानं पडलेले खड्डे तर कशानंच भरत नाहीत.

क्रोम वाईट आहे असं नाही. अमेरिकेची एम-१६ रायफल व्हिएतनामात गेली तेव्हा चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या जागेला, क्रोम नव्हतं, तिथल्या ओलीत चेंबर गंजून रिकाम्या पुंगळ्या आतच फसायच्या, मग १९६७ च्या सुमारास चेंबरला क्रोम आलं. एके-४७ ला ते होतंच. पण आपली जुनी ३१५ बोरची रायफल साध्या पोलादाची असली तर तिला चिंदी अन् तेल हाच इलाज. जुन्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं, बार केल्यावर त्याचं मीठ नळीत बसते अन् ओल ओढते, ते तेलानं निघत नाही, आधी गरम पाणी, मग कोरडी चिंदी, मग तेल. अन् बार करायच्या आधी तेल पुसून काढा, हे लय जण विसरतात.

आता खरी गोष्ट. माझी रायफल घरी कधी गंजली नाही, गंजली ती ठाण्यात. २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीसाठी पोलिसांनी जमा करायला लावली, जून लागल्यावर वापस मिळाली, मग विधानसभेला परत जमा. दुसऱ्या खेपेला आणली तं नळीतल्या आट्यांत, म्हणजे आतल्या पेचदार खाचांत, लाल पूड. तिथं पोत्यात बांधून एकावर एक ठेवतात, कोणी तेल लावत नाही अन् आपल्यालाही लावू देत नाही, हात लावायचा नाही म्हणतात.

माझं मागणं एवढंच की महिन्यातून एकदा शिपायासमोर बसून तेल लावू द्या, दहा मिनिटाचं काम आहे, अन् जमा करताना पावतीवर नुसता नंबर न लिहिता नळी आतून कशी होती तेही लिहा.

एक माजी सैनिक, शेतकरी
ता. लाखांदूर, जि. भंडारा