सायलीला पाठवायचं का?

पुणे,
14 डिसेंबर 2025

प्रिय विन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी चाकणहून घरी निघालो होतो. पुढे ट्रक, मागे ट्रक, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. "दिल्या, सायलीला जर्मनीला शिकायला पाठवायचंय, एका वाक्यात सांग, पोरगी तयार आहे की नाही?" असं तू विचारलंस. एका वाक्यात मावेना, म्हणून लिहायला बसलोय. हॉस्टेलवर तुझी घरी पैसे मागायची पत्रंसुद्धा माझ्याच अक्षरात जायची, आठवतं ना?

परदेशी प्रवेशाच्या तुझ्या कन्सल्टंटने कॉलेजचा पॉइंटर 8.6, जर्मन भाषेची बी1 पातळी आणि एक इंटर्नशिप मांडून 'प्रोफाइल स्ट्राँग' असा शेरा मारलाय. अरे, आमच्या मिहिरचं प्रोफाइल याहून स्ट्राँग होतं. 9.1 चा पॉइंटर. त्याची गोष्ट तुला मी अर्धीच सांगितली होती. पोराला कमीपणा नको म्हणून म्हण, किंवा मलाच लाज वाटत होती म्हणून म्हण.

तो ऑक्टोबर 2022 मध्ये जर्मनीत माग्डेबुर्गला शिकायला गेला. त्याचे सगळे फॉर्म मी भरले होते. बँक, विमा, हॉस्टेलची खोली, सगळं. तो नुसता सह्या करायचा आणि मला त्याचा केवढा अभिमान! पुढच्या वर्षी नोव्हेंबरात कंपनीच्या कामाने मी हॅनोव्हरला गेलो. तिथून माग्डेबुर्ग रेल्वेने दीडेक तासावर, म्हणून शनिवारी जाऊन धडकलो. चार वाजताच बाहेर अंधारून आलेलं. खोलीत चहाचा कप ठेवायला जागा करावी म्हणून बुटांचं एक खोकं उचललं, तर ते जड लागलं. आत पाकिटं. मोजली, एकतीस निघाली. एकही फोडलेलं नव्हतं.

विन्या, तो देश पत्रांवर चालतो. आपल्यासारखं 'साहेब, जरा बघा ना' नाही, की कुणाला फोन लावून काम होत नाही. पत्र येतं, त्यात तारीख असते, तारीख चुकली की दुसरं पत्र येतं आणि त्यात दंड. मी फोनचा कॅमेरा धरून एकेक पत्र वाचत गेलो. काही रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीची होती. घरात टीव्ही असो नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला 18.36 युरो भरायचेच. याने 'माझ्याकडे टीव्हीच नाही' म्हणून पहिलं पत्र बाजूला टाकलं होतं, त्यावर दंड चढत गेलेला. ते परवडलं. खरी पत्रं आरोग्यविम्याची होती. त्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमधलं (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीकच पैसे मिळतात) वर्षाचं पैसं ऑक्टोबरातच संपलं होतं, पार्टटाइम काम मिळालं नव्हतं आणि विम्याचे हप्ते खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेले होते. हप्ते थकले की विमा कंपनी विद्यापीठाला कळवते, मग पुढच्या सत्राची नोंदणी अडते आणि नोंदणी नसेल तर व्हिसाचं काय, ते तूच समज.

आणि तळाशी एका विषयाचा निकाल. तिथे 1.0 सर्वांत चांगला, 4.0 काठावर पास आणि 5.0 नापास. याला दोनदा 5.0. आपल्या एटीकेटीसारखं तिथे बसत राहता येत नाही. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी. तिसरीही गेली तर नाव कमी होतं आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. पोराकडे शेवटची संधी उरली होती आणि तो मला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "सगळं मस्त" म्हणून सांगत होता. मागे दिसायला भिंत स्वच्छ ठेवलेली. ती एकच भिंत.

मी ओरडलो नाही. ओरडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोघांनी बसून पाकिटं तारखेप्रमाणे लावली. पुढचं तुला ठाऊकच आहे: चारऐवजी सहा सत्रं लागली, पण पास झाला आणि आता लाइपझिगला नोकरी करतो. हुशारी कमी नव्हती रे. वाईट बातमी तोंडातून बाहेर काढायची सवय नव्हती, कारण तशी वेळच आम्ही येऊ दिली नव्हती.

आता सायली. मे महिन्यात जर्मनच्या क्लाससाठी ती आमच्याकडे होती, तेव्हाचं तुला कुणी सांगितलं नसेल. बी1 च्या आधीच्या पातळीची, ए2 ची परीक्षा दिली, पास व्हायला 60 लागतात, हिला 54. वैजू गवार मोडत बसली होती. ही आली, समोर बसली, चार शेंगा मोडल्या आणि म्हणाली, "काकू, मी नापास झाले. बाबांना मीच सांगते, तुम्ही नका सांगू." आणि तिथल्या तिथे तुला फोन लावला. तू केवढ्याने ओरडलास ते मला आतल्या खोलीत ऐकू आलं. तिने ऐकून घेतलं, फोन ठेवला, डोळे पुसले आणि पुढच्या परीक्षेची तारीख बघायला बसली. तुझ्या कन्सल्टंटच्या यादीत या 54 ला जागा नाही. माझ्या मते मात्र पोरगी तयार आहे.

पण एक अट, आणि ती तुला आहे. एपीएसचं, म्हणजे जर्मनीच्या व्हिसासाठी मार्कशीट पडताळून घ्यायच्या दाखल्याचं काम तिचं तिला करू दे. मिहिरच्या वेळी ते नव्हतं, नोव्हेंबर 2022 पासून भारतातल्या मुलांना सक्तीचं झालं. मार्कशीट पडताळणीचे 18,000 रुपये लागतात. चुकीचा कागद जोडला आणि पैसे पुन्हा भरावे लागले, तरी ती स्वस्तातली शिकवणी समज. तिच्या बँकेचं केवायसीसुद्धा तूच करतोस, हे वहिनींनी मला सांगितलंय!

पैशाचं थोडक्यात. ब्लॉक्ड अकाउंटला मिहिरच्या वेळी 10,332 युरो लागायचे, आता 11,904, म्हणजे महिन्याला 992. हे पैसे दाखवायचे नसून खायचे आहेत. कुणाकडून दोन महिन्यांसाठी उसने आणून भरायचा विचार असेल तर सोडून दे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही. श्टुटगार्टकडे, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, आपल्या मुलांना सत्राला 1,500 युरो पडतात. कन्सल्टंटच्या यादीतल्या खासगी विद्यापीठांवर आधी काट मार. त्याचं कमिशन बहुधा तिथेच असेल. आणि 'दुसरं वर्ष पार्टटाइमवर निघतं' हे ऐकून वाईचा प्लॉट विकायचा वाचला असं समजू नकोस. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, काम मिळेलच असं नाही. दुसऱ्या वर्षाचे निदान निम्मे पैसे बाजूला ठेव.

मिहिरशी मी बोललोय. खोक्याची गोष्ट तिला तो स्वतः सांगणार आहे, मी सांगायची नाही म्हणाला. सायलीलाच त्याला फोन लावू दे, दुपारी एकनंतर, तेव्हा तिथे सकाळ असते. आणि तू शेजारी बसून खाणाखुणा करायच्या नाहीत.

संक्रांतीला आम्ही दोघं साताऱ्याला येतोय. वहिनींना गुळाच्या पोळ्यांचं आत्ताच सांगून ठेव.

तुझा,
दिल्या