गोळी न दिल्याबद्दल जाहीर आभार

आमच्या कोपऱ्यावरील मेडिकलच्या मालकांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

दाढेच्या दुखण्यावर गोळी मागायला आलेल्या माझ्या सासऱ्यांना आपण गोळी दिली नाहीत, याबद्दल हे पत्र. गोळी विकली असतीत, तर आपल्याला कोणी नावे ठेवली नसती.

आणखी कोणती औषधे चालू आहेत, हे आपण आधी विचारलेत. खिशातून सर्दीची आणि अंगदुखीची अशी दोन पाकिटे निघाली. दोन्हींत पॅरासिटामॉल होते. ते आपण पाकिटामागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून दाखवलेत, आणि प्रौढासाठी दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा अशी नावे बदलून नकळत ओलांडली, तर ते यकृतावर बेतू शकते, असे बजावलेत. मग आयबुप्रोफेन तरी द्या म्हटल्यावर, रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ती मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकते, म्हणून तीही नाकारलीत. 'दुकानदाराने डॉक्टरकी करू नये,' असे बापू माझ्यासमोरच पुटपुटले. ते आपण ऐकले असणार.

मात्र 'परवा ठणका आपोआप थांबला, आता नुसता गाल सुजलाय,' हे त्यांचे वाक्य ऐकून आपण काउंटरबाहेर आलात. आतली नस मेली की ठणका थांबतो, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरून पू करतात. वेदनाशामक गोळी दुखण्याची जाणीव कमी करते, जंतूंना मारत नाही. आणि मेलेल्या नसेत रक्तच पोहोचत नसल्याने नुसत्या अँटिबायोटिकनेही मूळ दुखणे जात नाही, हे आपण समजावलेत. (लवंगेच्या तेलाने बधिरपणा येतो, मूळ दुखणे जात नाही, हे आमच्या सासूबाईंना अजून पटलेले नाही.) तोंड उघडायला लावले, तेव्हा दोन बोटे जेमतेम आत जात होती. गिळताना त्रास होतो का, हेही विचारलेत, आणि खालच्या दाढेची सूज जिभेखाली पसरली तर श्वास कोंडू शकतो, तेव्हा आजच दवाखाना गाठा, असे निक्षून सांगितलेत.

त्याच संध्याकाळी दंतवैद्यांनी दाढ उघडून पू काढला, सूज पसरत असल्यामुळे अँटिबायोटिकही दिले, आणि पुढे रूट कॅनाल करून दाढ वाचवली. कॅप बसायची बाकी आहे. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला या आठवड्यात बापू स्वतः येतील. त्या पुटपुटण्याबद्दल त्यांना आपल्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

आपली कृतज्ञ,
बापूंची सून