अहवालातली जबाबदारी आणि कोर्टातली

मा. संपादक,

खाण कंपन्यांच्या ‘सामाजिक जबाबदारी’चा विषय निघाला की शाळा, दवाखाने आणि वृक्षारोपणाचे आकडे पुढे येतात. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. खाणीचे सांडपाणी नदीत उतरले, तर जाब कोणाला विचारायचा? खाण एका कंपनीच्या नावावर, तिची मालकी दुसरीकडे, मुख्यालय तिसऱ्याच देशात. नफा ही शिडी बिनबोभाट चढतो. भरपाईची वेळ आली की प्रत्येक पायरी हात झटकते.

झांबियातल्या चिंगोला भागातील १,८२६ गावकऱ्यांनी हे भोगले. नचांगा तांब्याच्या खाणीच्या सांडपाण्याने पाणी आणि शेती नासली, असा त्यांचा आरोप होता. खाण चालवणारी कंपनी झांबियातली, तर तिची पालक कंपनी वेदांता लंडनमध्ये नोंदलेली. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दावा ब्रिटनमध्ये चालवायला मुभा दिली. गंमत अशी, की त्यासाठी पालक कंपनीच्या स्वतःच्याच अहवालाचाही आधार मिळाला. उपकंपन्यांवर आमची देखरेख असते, असे त्यात अभिमानाने छापले होते! पुढे २०२१ मध्ये, दोष कबूल न करता, तडजोड झाली.

यातून हुशार वकील काय शिकेल? अहवालात कमी लिहा! म्हणूनच मला ऐच्छिक जबाबदारीवर भरवसा वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे चांगलीच आहेत. आपल्यामुळे कोणाच्या हक्कांवर गदा येते का, हे कंपनीने आधी शोधावे, असे ती सांगतात. पण ती बंधनकारक नाहीत. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर उपकंपन्या आणि पुरवठादारांसह अशी दक्षता घेण्याची कायदेशीर सक्ती केली.

सक्तीनंतरही एक पळवाट उरते. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो येथील खाणगाळाचा बांध सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र २०१८ मध्येच मिळाले होते. ते देणारी संस्था वाले या खाण कंपनीनेच नेमलेली. २५ जानेवारी २०१९ रोजी बांध फुटला, २७० माणसे गेली. खालच्या अंगाला कंपनीचेच कॅन्टीन होते आणि वेळ दुपारच्या जेवणाची होती.

तेव्हा तपासनिसाची फी खाण कंपनीने सामायिक निधीत भरावी, तपासनीस मात्र दुसऱ्या कोणी नेमावा. आणि त्याचा अहवाल खाणीलगतच्या गावांना, त्यांच्या भाषेत, कंपनीइतकाच लवकर मिळावा.

– एक वाचक