‘आधी खुर्ची ठरव’ म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे घालत नाही, ती तुमचीच अट. पण पत्र जाहीर लिहितोय, कारण युरोपात फायनान्समध्ये मास्टर्स करायला निघालेल्यांचा ओळखीपाळखीतून सारखा तोच प्रश्न येतो: पॅरिसचं एचईसी घेऊ की मिलानचं बोकोनी, एसेक बरं की ईएससीपी, आणि स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनचं काय? मी प्रत्येकाला तुम्ही मला विचारलेलेच प्रश्न विचारतो आणि फुकटात शहाणा ठरतो. श्रेय कुणाचं ते एकदा लिहून टाकावं म्हटलं.

आपली ओळख म्हणजे काय, तर तुमच्या मावशी सांगलीला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. तेवढ्या धाग्यावर तुम्ही एक अख्खी रविवार सकाळ मला दिलीत. मी तेव्हा पुण्यात खराडीला, एका परदेशी बँकेच्या केंद्रात कर्ज बुडण्याची शक्यता मोजणारी मॉडेलं तपासत होतो. पॅरिस, मिलान आणि फ्रँकफर्ट, तिन्हीकडची प्रवेशपत्रं हातात होती आणि पैसे भरायची तारीख डोक्यावर. “युरोपात बँकिंगमध्ये करिअर करायचंय,” मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, “अरे, बँकेत कुठल्या खुर्चीत बसणार ते सांग. आधी खुर्ची ठरव, मग गाव, मग कॉलेज. तू उलटीकडून निघालायस.”

कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे करणारी खुर्ची वेगळी, ट्रेडिंग फ्लोअरवरची वेगळी आणि रिस्कमधली, म्हणजे जोखीम मोजणारी, वेगळी, हे मला पुस्तकात माहीत होतं. त्या प्रत्येक खुर्चीला भाषा चिकटलेली असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. मिलानमध्ये सौदे करायचे तर समोर इटालियन कुटुंबाची कंपनी असते. फ्रँकफर्टमध्ये जर्मन कारखानदार असतो, आणि तो आपली पिढीजात कंपनी विकायला काढतो तेव्हा इंग्रजीत बोलत नाही. लंडनला सगळं इंग्रजीत असेल म्हणावं, तर तिथेही इटलीचे सौदे बघणाऱ्या टीमला इटालियन आणि जर्मनीच्या टीमला जर्मन येणारेच लागतात. ट्रेडिंगमध्ये भाषेचा काच कमी. ब्रेक्झिटनंतर जेपी मॉर्गन आणि बँक ऑफ अमेरिकेने युरोपातल्या ट्रेडिंगचा मोठा भाग पॅरिसला नेला, तेव्हापासून तिथेही इंग्रजीवर निभावतं. आणि रिस्क मॉडेलमध्ये मुख्य भाषा गणिताची. तिथे माझं बरं चाललं होतंच.

कॉलेजांच्या क्रमवारीचं भूत तुम्ही ज्या पद्धतीने उतरवलंत, त्याबद्दल वेगळे आभार. पुण्याच्या सल्लागारांनी फायनान्शियल टाइम्सचा तक्ता छापून दिला होता आणि पगाराच्या रकान्यावर पिवळी रेघ मारली होती. तुम्ही सांगितलंत की तो पगार पदवीनंतर तीन वर्षांनी मोजलेला असतो, ज्यांनी प्रश्नावली भरली त्यांचाच असतो, आणि देशोदेशीच्या क्रयशक्तीप्रमाणे, म्हणजे तिथली स्वस्ताई-महागाई धरून, डॉलरमध्ये फिरवलेला असतो. म्हणजे मुंबईला किंवा शांघायला परतलेल्याचा आकडा त्या हिशोबात फुगतो. पॅरिसमध्ये राहिलेल्याच्या खात्यात जमा होणारा पगार तो नव्हेच. एवढा साधा खुलासा फी घेणाऱ्या माणसाने करू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

मग तुम्ही कामाला लावलंत. लिंक्डइनवर प्रत्येक कॉलेजचे माजी विद्यार्थी काढायचे, पण सगळे नाहीत. फक्त भारतात पदवी घेतलेले आणि जाताना इंग्रजीखेरीज कुठलीही युरोपीय भाषा न येणारे. एक्सेलमध्ये चार रकाने: पहिली इंटर्नशिप कुठे, ती शिकताना मिळाली की नंतर, पहिली नोकरी कुठल्या गावात, आज कुठे. रात्री जेवण झालं की मी ते भरत बसायचो. आई विचारायची, “कुणाची स्थळं बघतोयस?” चौथा रकाना भरत आला तेव्हा चित्र दिसायला लागलं. माहितीपत्रकावर हसणारी मुलं आणि माझ्यासारखी मुलं एकाच कॉलेजातून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडली होती.

दारांचे नियमही तुमच्याकडूनच कळले. फ्रान्समध्ये कॉलेजने सही केलेल्या करारपत्राशिवाय कंपनी इंटर्न घेऊच शकत नाही. म्हणून तिथली मुलं मध्ये वर्षभराची सुट्टी घेऊन सहा-सहा महिन्यांच्या दोन इंटर्नशिपा करतात, आणि बँकाही असा अनुभव धरूनच चालतात. एक वर्षाचा कोर्स घेऊन लंडनला जाणाऱ्याची गत वेगळी. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरलाच सुरू होतात आणि येतील तसे निकालात निघतात. तोवर याची बॅगही उघडलेली नसते. शिवाय पदवीनंतर तिथे थांबायची मुदत दोन वर्षांची आहे, ती १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच मिळणार. जर्मनीत दीड वर्ष आहेच. स्वित्झर्लंडमध्ये जेमतेम सहा महिने. सेंट गॅलनचं नाव कितीही मोठं असलं, तरी कर्ज काढून जाणाऱ्याने ही सहा महिन्यांची ओळ आधी वाचावी.

माझी खुर्ची अशी आपोआप फ्रँकफर्टला जाऊन टेकली. युरोपियन सेंट्रल बँक तिथे, आणि नोव्हेंबर २०१४ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या मोठ्या बँकांवर तिची थेट देखरेख. तोट्यासाठी किती भांडवल राखायचं ते मोजायला बँकेने स्वतःचं मॉडेल वापरायचं म्हटलं की त्याला मंजुरी हवी, त्याची तपासणी हवी, तपासणीची पुन्हा तपासणी हवी. ब्रेक्झिटनंतर काही अमेरिकन बँकांनीही आपल्या युरोपीय कंपन्या तिथेच थाटल्या. खराडीत मी जे करत होतो, त्याच कामाचं हे माहेर.

गोएथे विद्यापीठाच्या ‘मनी अँड फायनान्स’ला फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी, हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “बोगस तर नाही ना?” फुकट मिळतं ते कॉलेज चांगलं कसं असेल, हे त्यांना पटवायला तुमचा फोन लागला. व्हिसासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला ठेवायचे, पण ते महिन्याला ९९२ करत आपल्यालाच परत मिळतात, हे तुम्ही त्यांना मराठीत समजावलंत, तेव्हा कुठे फ्लॅट तारण ठेवायचा विषय बंद झाला. खरं सांगायचं तर बाबांच्या फ्लॅटसाठीच हे पत्र लिहायला हवं होतं.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते वेर्कश्टुडेंटचं. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत बँकेत काम करायचं, ही तिथली नेहमीची रीत. “पहिल्या सेमिस्टरपासून अर्ज टाक, आणि बायोडेटात खराडीचं काम वर घे, कॉलेज खाली,” असं तुम्ही म्हणालात. मी ते वर घेतलं. मुलाखतीत त्यांनी कॉलेजचं नावही काढलं नाही. एका जुन्या मॉडेलच्या चाचणीत आकडे का बिघडले होते, यावरच अर्धा तास गेला. आता मंगळवार आणि गुरुवार मी त्याच टीममध्ये असतो. जेवणाच्या सुट्टीत जर्मन लोक जर्मनमध्येच बोलतात, त्यामुळे भाषेचा क्लास काही सुटलेला नाही.

एका गोष्टीवर मात्र आपलं अजून पटलेलं नाही. तुम्ही लंडनला सरसकट मोडीत काढता. माझ्यापुरतं ते बरोबर होतं. पण ज्याला सौदेच करायचे आहेत, ज्याच्याकडे एक युरोपीय भाषा आहे आणि खर्चाची सोय आहे, त्याने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एलएसई) किंवा लंडन बिझनेस स्कूल का सोडावं? मिलान-पॅरिसमधली चांगली मुलं शेवटी तिथेच अर्ज करतात, हे माझ्याच एक्सेलमध्ये दिसतंय. यावर तुम्ही रागवाल हे धरून चाललोय.

वाद घालायला निमित्तही आहे. साताऱ्याची एक मुलगी सध्या याच घोळात आहे. सी.ए. झालेली, सौद्यांचाच अनुभव, पुण्याच्या अलियाँस फ्रान्सेझमध्ये फ्रेंचची बी-टू पातळीची परीक्षा दिलेली, समोर पॅरिस आणि लंडन. मी तिला चार रकाने भरायला बसवलंय, पण खुर्चीचा प्रश्न तुम्ही विचारलेला बरा. तिला तुमचा नंबर देऊ का? रविवारी सकाळी चालेल असं ती म्हणते.

कळावे,
तुमच्या मावशींच्या खालच्या मजल्यावरचा