नदीकाठचे गवत पडीक नाही : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी ठाण्याचा रहिवासी. हिवाळ्यातल्या बहुतेक रविवारी मी कल्याणच्या पुढे, उल्हास नदीकाठच्या गवताळ माळावर पाखरे पाहायला जातो. उन्हे कलली की भोवत्या हे शिकारी पक्षी, पंख किंचित वर उचलून, गवताच्या शेंड्यांना लागतील इतके खाली तरंगत येतात आणि अंधार पडता पडता उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. मध्य आशियातून येणाऱ्या या पाहुण्यांना झाड नको असते, उभे वाळलेले गवत हवे असते.

गेल्या पावसाळ्यात एका शासकीय वृक्षलागवडीसाठी या माळावर रांगेने खड्डे खणले गेले. एप्रिलमध्ये जिथे मी माळटिटवीची चार अंडी पाहिली होती, मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची, पायाखाली येईपर्यंत दिसू नयेत अशी, तिथे आज एक रोप आणि त्याभोवती जाळी आहे. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. चूक कागदावरची आहे. झुडपी माळ आणि खालावलेली कुरणे आपल्याकडे पडीक जमिनींत मोजली जातात, आणि 2019 सारखे 33 कोटी वृक्षांचे उद्दिष्ट समोर असले की खड्डे खणायला सगळ्यात आधी हीच मोकळी जमीन सापडते.

ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. एके काळी निरुपयोगी समजला जाणारा चिखल जपण्यासारखा आहे, हे शासनाने मान्य केले, याचा आम्हा ठाणेकरांना अभिमान आहे. तोच न्याय गवताला मिळावा.

माझी विनंती अशी की, नदीकाठच्या शासकीय गवताळ जमिनींवरील लागवड तूर्त थांबवावी आणि जिथे शक्य असेल तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 36 अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करावे. स्थानिकांशी सल्लामसलत करणे त्या कलमातच सांगितले आहे. गावकरी तिथे गुरे चारतात, दिवाळीनंतर गवत कापतात. त्यांना कुंपणाबाहेर काढून हे काम होणार नाही, आणि होऊही नये.

जागेची पाहणी कृपया फेब्रुवारीअखेरपर्यंत व्हावी. मार्चपासून माळटिटव्या अंड्यांवर बसू लागतात, त्यानंतर माणसांची वर्दळ तिथे नको.

आपला नम्र,
ठाण्यातील एक पक्षिनिरीक्षक